आकाशाचा सातबारा

हिवरा आश्रमात दिवेलागणीनंतर तासाभराने गावाबाहेर पडून साधी दुर्बीण डोळ्यांना लावली, तर स्थिर तारकांमधून एखादा प्रकाशबिंदू संथपणे सरकताना दिसतो आणि वाटेतच विझतो. यात गूढ काहीच नाही. भूमीवर रात्र झाली तरी पाचशे किलोमीटर उंचीवर अद्याप ऊन असते. त्या उन्हात उपग्रह चमकतो व पृथ्वीच्या छायेत शिरताच दिसेनासा होतो.

हा हौशी मंडळींचा निव्वळ विरंगुळा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशातून जळते लोळ गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे, धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. आपल्या शेजारचे लोणारचे विवर उल्केने घडविले. त्याचा जाब कोणाला विचारणार? अग्निबाणाच्या भंगाराचा मात्र विचारता येतो. जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई अग्निबाण सोडणाऱ्या राष्ट्राने द्यावी, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करारच आहे.

अवकाशावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही, हे १९६७ च्या करारानेच ठरले आहे. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हे साऱ्या मानवजातीचे गायरान होय. पण गायरान कागदावर सर्वांचे असते आणि प्रत्यक्षात ताबा कोणाचा असतो, हे खेड्यातील माणसास शिकवावयास नको. स्पेसएक्स या एकाच अमेरिकी कंपनीने २०१९ पासून दहा हजारांहून अधिक स्टारलिंक उपग्रह सोडले आहेत. दुर्गम गावांना त्यांतून इंटरनेट मिळत असेल तर त्याला आमचा विरोध नाही. समाईक आकाशाचा असा वापर किती व्हावा, हे कोणी ठरवायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जाब विचारावयाचा तर आधी पाहणी हवी. १९५७ साली स्पुटनिक सुटला तेव्हा त्याचा माग काढण्यात अमेरिकेतील ‘मूनवॉच’ पथकांच्या सामान्य नागरिकांचाही वाटा होता. दोन ओळखीच्या ताऱ्यांमधून उपग्रह नेमका कोणत्या क्षणी गेला, एवढीच नोंद करावयाची. अशा अनेक नोंदींवरून त्याची कक्षा गणिताने काढता येते. सरकारे ज्या लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर करीत नाहीत, त्यांचा मागही हौशी निरीक्षक दुर्बीण आणि घड्याळ यांच्या बळावर काढीत आले आहेत.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. हिवरा आश्रमासारख्या प्रत्येक गावातील शाळेत एक दुर्बीण, एक बिनचूक घड्याळ आणि एक वही असावी. पिकाची पाहणी शेताच्या बांधावर जाऊन होते. आकाशाच्या पाहणीसाठी तर बांधावर उभे राहून नुसती मान वर करावयाची आहे.