दूरचा आवाज ऐकण्याची सवय

ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधले फोन आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा बीबीसीने शॉर्टवेव्हवरच्या हिंदी बातम्या अर्ध्या तासाने वाढवल्या आणि उर्दूत ‘नीमरोज’ नावाचं पंधरा मिनिटांचं बातमीपत्र सुरू केलं. इतर सगळ्या वाटा बंद असताना, खरखर करत का होईना, रेडिओ पोहोचत होता. त्यानंतर सहा महिनेही झाले नाहीत आणि ३१ जानेवारी २०२० रोजी त्याच बीबीसीने १९४० पासून चालत आलेलं हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवलं. श्रोते मोबाईलकडे वळले, हे कारण खोटं नाही. पण मोबाईल बंद पाडता येतो, हे त्याच वर्षी सगळ्यांनी पाहिलं होतं.

या लहरी ऐकण्याचा छंद असलेल्यांना डीएक्सर म्हणतात. तारयंत्राच्या भाषेत ‘डीएक्स’ म्हणजे दूरचं अंतर. मी त्यातलाच एक. तीन ते तीस मेगाहर्ट्झमधल्या या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीकडे वळतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात. दिवसा एक बँड चालतो, रात्री दुसरा. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्रही त्यात ढवळाढवळ करतं. काल लागलेलं स्टेशन आज लागेलच असं नाही. काटा केसभर सरकला तर अरबी बातम्यांवर चिनी गाणं चढतं. त्यात आता शेजारच्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची गुणगुण! गच्चीवर आठ-दहा मीटर तार बांधून, रात्री कान लावून बसावं लागतं.

आपल्याकडे शॉर्टवेव्ह म्हटलं की रेडिओ सिलोन आणि अमीन सयानी आठवतात, आणि विषय तिथेच संपतो. त्या आठवणीतही एक धडा आहे. १९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. श्रोत्यांनी काही मोर्चा काढला नाही, फक्त काटा फिरवला. १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमीही बीबीसीने आकाशवाणीच्या कितीतरी आधी दिली. सत्तेला ऐकणारा माणूस आवडत नाही तो यासाठी. हिटलरच्या जर्मनीत तर १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणं हाच गुन्हा ठरला होता.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण मुसलमानाच्या घरात शॉर्टवेव्ह असेल तर एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पाकिस्तान ऐकता का?’ मलाही तो हसत हसत विचारला गेला आहे. माझं उत्तर सरळ आहे. होय, लागलं तर तेही ऐकतो. आकाशवाणी ऐकतो, बीजिंग ऐकतो, तेहरानही ऐकतो. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे. ही सगळी केंद्रं कुठल्या ना कुठल्या सरकारच्या पैशावर चालतात, बीबीसीही त्याला अपवाद नाही. म्हणून तर एकावर थांबायचं नसतं. एकच घटना तीन केंद्रांवर ऐकली की कोण काय गाळतं ते आपोआप कळू लागतं.

या छंदाची दुसरी शिस्त मला त्याहून मोलाची वाटते. स्टेशन ऐकलं की श्रोता त्या केंद्राला अहवाल पाठवतो: तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, कार्यक्रमात प्रत्यक्ष काय ऐकलं, आणि आवाज, अडथळा, खरखर यांना एक ते पाचमधले गुण. तपशील जुळले तर केंद्र क्यूएसएल कार्ड पाठवतं. अंदाजाने लिहिलेलं चालत नाही. शब्द कळला नसेल तर ‘कळला नाही’ असंच लिहायचं. ही एक प्रकारची साक्षच आहे. खबर आली तर आधी तिची तहकीक करा, असा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. मशिदीतून तो आपण अनेकदा ऐकतो. आणि बाहेर पडून मोबाईल उघडला की कुठला तरी जुना व्हिडिओ, ना जागा माहीत ना तारीख, पाच ग्रुपवर पुढे ढकलतो. दुसऱ्या बाजूचे लोक आपल्याबद्दल हेच करतात, तेव्हा मात्र आपल्याला संताप येतो.

मोबाईल आपल्याला आवडेल तेच शोधून समोर आणतो. शॉर्टवेव्हवर आपल्याला उठून दूरच्या आवाजाकडे जावं लागतं, आणि तो आपल्या सोयीचा असेलच असं नाही. म्हणून मी तरुणांना सांगतो, घरातला जुना सेट भंगारात देऊ नका. सेट नसेल तर नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवरून फुकट चालवता येतो, तिथे सुरुवात करा. पण एक साधा बॅटरीवरचा सेट घरात असू द्या. २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा बीबीसीला तिथल्या लोकांसाठी पुन्हा शॉर्टवेव्हच सुरू करावं लागलं. अशी वेळ आपल्यावर येऊ नये. आली, तर ऐकायची सवय मात्र एका दिवसात लागत नाही.