झटका शेवटचा, पेसिंग आधी

“डॉक्टर, हे मशीन काढून टाका.” साठीतले एक काका छातीवर हात ठेवून सांगत होते. जुन्या हार्ट अटॅकनंतर त्यांना दुसरीकडे आयसीडी बसवला होता. महिन्याभरात तीन झटके, तिन्ही पूर्ण शुद्धीत. घोड्याने लाथ मारावी तसे, म्हणाले. आंघोळीलाही कडी न लावता जायचे.

मशीन तपासले. बिघाड काहीच नव्हता. वेगवान ठोके पेसिंगने थांबवण्याची सोय बंद होती, आणि ती का बंद ठेवली याचे कारण कुठल्याही कागदावर नव्हते. याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

“पेसमेकर तर मंद ठोक्यांसाठी असतो ना?” हे नेहमी विचारले जाते. अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो. त्याभोवती विजेची लहर गोल फिरत राहिली की खालचे कप्पे भरधाव पळतात. ही व्हीटी. समजा वेग मिनिटाला 188 आहे. आयसीडी त्याहून थोड्या जास्त, साधारण 213 च्या वेगाने आठ ठोके देतो. नवी लहर फिरत्या लहरीला वाटेत गाठते आणि चक्र तुटते. काम सव्वादोन सेकंदांचे. दुखत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पेनफ्री अभ्यासात अशा वेगवान व्हीटींपैकी चारातल्या जवळपास तीन पेसिंगनेच थांबल्या.

यावर “पेसिंगने वेग वाढला तर?” असे काही सहकारी म्हणतात. क्वचित वाढतो. मग झटका आहेच की मागे! हृदय नुसते थरथरू लागले तर मात्र झटकाच जीव वाचवतो, म्हणून मशीन काढण्याचा हट्ट धरू नका.

राग याचा येतो की मोबाइल कुठल्या खिशात ठेवायचा हे आम्ही आवर्जून सांगतो, सेटिंगबद्दल अवाक्षर नाही. 2012 च्या मॅडिट-आरआयटी अभ्यासात उपचाराची घाई न करणाऱ्या सेटिंगमुळे अनावश्यक उपचार घटले, मृत्यूही कमी झाले. तेव्हा विचारा: माझ्या मशीनमध्ये पेसिंग चालू आहे का? नसेल तर का? कारण रास्तही असू शकते. तार त्वचेखाली असलेल्या आयसीडीत सहसा ही सोय नसते. पण तेही बसवण्याआधीच कळायला हवे.

काकांचे सेटिंग बदलले. चार महिन्यांनी तपासणीत दोन व्हीटींची नोंद दिसली, दोन्ही पेसिंगने थांबलेल्या. त्यातली एक पहाटे तीनची.

“कधी? मी तर झोपलो होतो,” काका म्हणाले.