पणजीचे नाव

भाद्रपदातली दुपार. पाटाशेजारी दर्भ, तीळ, पळी-पंचपात्र. गुरुजी विचारतात, वडिलांचे नाव? आजोबांचे? पणजोबांचे? यजमान भराभर सांगतो. मग आई, आजी, पणजी. आईचे नाव लगेच येते, आजीचे जरा थांबून, आणि पणजीपाशी गाडी अडते. स्वयंपाकघरात विचारणा होते, शेवटी गावाकडच्या म्हाताऱ्या आत्याला फोन लागतो. तिला नाव आठवते, पण ते सासरचे. माहेरचे तिलाही ठाऊक नसते.

महालयात वडिलांकडच्या आणि आईकडच्या तीन-तीन पिढ्यांचे स्मरण करायचे असते, त्यामुळे हा प्रसंग कितीतरी घरांत दरवर्षी घडतो. दिवाळी अंक वाचकाच्या हाती येतो तेव्हा त्या दुपारीला जेमतेम महिना उलटलेला असतो.

ज्या धर्मग्रंथांच्या आधाराने ही नावे विचारली जातात, त्यांना मात्र आयांची नावे चांगली ठाऊक आहेत. बृहदारण्यकोपनिषदात ‘वंश’ तीनदा येतो: दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अध्यायाच्या अखेरीस. हा वंश रक्ताचा नाही, विद्येचा आहे. कोणी कोणाकडून शिकले याची ती नोंद. तिसऱ्या यादीशी वाचक थबकतो. पौतिमाषीपुत्र शिकला कात्यायनीपुत्राकडून, तो गौतमीपुत्राकडून, तो भारद्वाजीपुत्राकडून. एकामागून एक आचार्य आईच्या नावाने ओळखले गेले आहेत. पुढे याज्ञवल्क्य, उद्दालक, अरुण असे पुरुष येतात, आणि आणखी वर गेले की वाक् आणि अंभिणी ही दोन स्त्रीनामे लागतात. त्यांच्याही वर थेट आदित्य.

शंकराचार्यांनी याचे कारण भाष्यात दिले आहे. आधीच्या प्रकरणात गुणवान संतती आणि त्यातले आईचे महत्त्व सांगितले आहे, म्हणून इथे परंपरा आईच्या नावाने सांगितली, असे ते म्हणतात. त्याच प्रकरणात विदुषी मुलगी व्हावी अशी इच्छा असणाऱ्या दांपत्याने तीळ घालून शिजवलेला भात तुपासह खावा, असेही सांगितले आहे. मुलगी व्हावी, आणि ती पंडिता व्हावी, ही इच्छा उपनिषदाने नोंदवून ठेवली, हे प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवे.

छांदोग्यातली सत्यकामाची गोष्ट शाळेपासून परिचित आहे. वडिलांचे गोत्र आईला सांगता आले नाही, तेव्हा तिने त्याला स्वतःचे नाव दिले. जबालेचा तो जाबाल. हारिद्रुमत गौतमांनी त्याचे खरे बोलणे पाहिले आणि त्याला शिष्य केले.

हा वारसा पोथीबाहेरही दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने ते लेणे भिक्षुसंघाला दान दिले. लेखात ती मुलाचा पराक्रम वर्णन करते आणि स्वतःची ओळख महाराजाची आई व महाराजाची आजी अशी करून देते. मुलगा गौतमीपुत्र, नातू वासिष्ठीपुत्र. सातवाहनांच्या दोन पिढ्या इतिहासाला माहीत आहेत त्या त्यांच्या आयांच्या गोत्रनावांनी.

आयांची नावे राखणे फक्त आपल्याकडचे नाही. बायबलच्या नव्या कराराचे पहिलेच पान वंशावळीचे आहे. अब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, आणि त्या पुरुषांच्या रांगेत मत्तयाने मरीयेआधी चार स्त्रिया घेतल्या. सासऱ्याकडून न्याय मिळाला नाही म्हणून वेश पालटून त्याच्यासमोर गेलेली तामार. यरीहोची वेश्या राहाब. परक्या मवाब देशाची विधवा रूथ. आणि उरीयाची बायको, जिचे बथशेबा हे नाव मात्र त्याने लिहिले नाही. एखाद्या लेखनिकाने गुपचूप गाळली असती अशीच ही नावे. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असा नियम त्याच धर्मग्रंथात आहे. तरी सासूची पाठ न सोडता बेथलेहेमला आलेली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी ही सून दावीद राजाची पणजी ठरली. आणि तिचे नाव राहिले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, त्यात हीही गोष्ट आहे. रमाबाई स्वतः विधवा होत्या, आणि मुक्ती मिशन त्यांनी निराधार स्त्रियांसाठीच उभारले होते.

वंशावळ दार लावायलाही वापरली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांची नावे नोंदीत सापडली नाहीत. त्यांना याजकपदावरून दूर केले, असे एज्राच्या पुस्तकात लिहिले आहे. आपल्याकडे जातीच्या पायऱ्या टिकवायला कुळाचे दाखले किती कामी आले, ते सांगायला नको. म्हणून कुळाचा अभिमान धरताना कोणाची नावे राखली आणि कोणाची पुसली, हे आधी पाहिले पाहिजे.

मराठी लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. सगळे कौतुकाने वाकून पाहतात, फोटो निघतात. जुने नाव कुठे लिहून ठेवायचे, हे कोणी विचारत नाही. अनेक घरांच्या वंशवृक्षात ही मुलगी माहेरी फांदीवर नसते आणि सासरी कंसात असते. ही चाल बदलायला हवी, हे या अंकाचे ठाम मत आहे. शासनाने एक पाऊल टाकले आहे: 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात सक्तीचा झाला. आधी जन्मलेल्यांच्या आया, आज्या, पणज्या या नियमात येत नाहीत. त्यांची नावे घरानेच लिहायची आहेत.

भाऊबीजेला बहिणी, आत्या, मावश्या एका घरात जमतील. फराळाची ताटे उचलण्याआधी एक वही काढा. सगळ्यांत वयाने मोठी असेल तिला आधी विचारा: तिच्या आजीचे माहेरचे नाव, गाव, तिच्या हातचे कोणते काम आठवते. गैरसोयीचे वाटेल तेही गाळू नका. आणि वहीची एक प्रत लेकीकडे द्या.