कोंड्याचा मांडा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आलेला गोंदिया जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. वैनगंगेचे पाणी, मालगुजारी तलावांची पूर्वापार व्यवस्था, मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोक्याचे स्थानक आणि गावोगावच्या राईस मिल हे त्याचे वैभव. तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाची क्षमता ३३०० मेगावॉट आहे. कच्चा माल, वीज आणि दळणवळण जेथे एकत्र नांदतात, तेथील तरुणाला रोजगारासाठी नागपूर-पुण्याची वाट का धरावी लागते?

उत्तर गिरणीच्या दारातच आहे. सरकारी खरेदीचे धान भरडायचे, तांदूळ परत करायचा आणि भरडाईची मजुरी घ्यायची, या चाकोरीत येथील अनेक गिरण्या अडकल्या आहेत. भरडाई ही उत्पादनाची केवळ पहिली पायरी होय. एक क्विंटल धानातून पाच ते आठ किलो कोंडा, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारा तपकिरी थर मिळतो. त्यात १५ ते २० टक्के तेल असते. म्हणजेच क्विंटलमागे साधारण एक किलो खाद्यतेल! कोंडा जसाच्या तसा पशुखाद्य म्हणून विकला, की हे तेलही हातचे जाते.

आणि हाच देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. २०२०-२१ पासून त्यापायी दरवर्षी एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम खर्ची पडत आली आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेलाची आवक विस्कळीत झाली. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. त्याची झळ मध्यमवर्गीय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. परावलंबनाची किंमत गृहिणीला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने समजावून सांगावी लागली नाही.

कोंड्याच्या तेलाने सारी आयात थांबेल, असा दावा कोणी करू नये. परंतु निसर्गाने येथे स्थानिक उद्योगाच्या बाजूने कौल दिला आहे. गिरणीतून निघालेला कोंडा फार लवकर खवट होऊ लागतो. त्यावर तातडीने उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. म्हणून हा उद्योग धानाच्या जवळच शोभतो. प्रत्येक गिरणीत कोंडा टिकवण्याचे यंत्र आणि अनेक गिरण्यांनी मिळून तेल काढण्याचा एक कारखाना, ही रचना एकट्यादुकट्याला न झेपणारे काम सुकर करू शकते.

महाराष्ट्राला असा मार्ग अपरिचित नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. तेथे काच तर बनलीच, पण काच बनवणारे कारागीरही घडले. स्वदेशी म्हणजे केवळ परकीय मालावर बहिष्कार नव्हे, तर निर्मितीचे कौशल्य आपल्या समाजात रुजवणे, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

२०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ची घोषणा झाली, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नातील कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. तो अद्याप १७ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. ही कोंडी दिल्लीच्या घोषणेने एकाएकी फुटणार नाही. गिरणीमालकांनी भरडाईच्या मजुरीपलीकडे पाहावे, सहकारी बँकांनी यंत्रसामग्रीला पतपुरवठा करावा, तंत्रशिक्षण संस्थांनी या उद्योगाचे शिक्षण द्यावे, आणि कुटुंबांनी दर्जा पारखून, पण आवर्जून, देशी तेल घ्यावे. दर्जाशिवाय स्वदेशीचा आग्रह टिकत नाही, हेही उद्योजकांनी विसरू नये.

कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी मराठी माणसाला म्हणीतून ठाऊक आहे. तिची ती दृष्टी गोंदियाच्या गिरण्यांत आली, तर धानाचे हे कोठार उद्योगाचे माहेरघर व्हायला वेळ लागणार नाही.