मंदी आली, ‘पाहुणे’ राहिले!

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषेत एक शब्द रूढ झाला : ‘गास्टआर्बाइटर’. त्याचा शब्दशः अर्थ ‘पाहुणा कामगार’. आपल्याकडील कोणाही गृहिणीला हा शब्द समजावून सांगितला, तर तिला नवलच वाटेल. पाहुण्याला कोणी कोळशाच्या खाणीत उतरवीत नाही, त्याचे नाव हजेरीपटावर लिहीत नाही आणि घरात धान्य संपू लागले की त्याला गाडीचे वेळापत्रकही दाखवीत नाही. परंतु पश्चिम जर्मनीने नेमके हेच केले. त्या एका शब्दात दडलेली विसंगती पुढे अर्धशतकभर त्या देशाला भोवली.

हा इतिहास आज महाराष्ट्राने वाचावयास हवा, याला सबळ कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. मात्र २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जर्मन अर्थव्यवस्था आकुंचन पावली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत प्रथमच ३० लाखांवर गेली. एकीकडे निमंत्रण आणि दुसरीकडे मंदी! अशा वेळी आपल्या मुलांना पाठविणाऱ्यांनी आधीच्या पाहुण्यांचे काय झाले, हे विचारलेच पाहिजे.

बोलाविले कोणी?

युद्धोत्तर भरभराटीच्या काळात पश्चिम जर्मनीला माणसे कमी पडू लागली. डिसेंबर १९५५ मध्ये इटलीशी पहिला करार झाला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, तर ऑक्टोबर १९६१ मध्ये तुर्कस्तान या मालिकेत आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारा जर्मन कामगारांचा ओघ आटला होता. त्यामुळे ही निकड अधिकच वाढली. १९६४ मध्ये दहा लाखावा कामगार म्हणून पोर्तुगालचा एक सुतार कोलोनच्या स्थानकावर उतरला, तेव्हा वाद्यांच्या गजरात त्याचे स्वागत झाले आणि त्याला मोपेड भेट देण्यात आली.

ही माणसे दोन-चार वर्षे काम करतील, पैसे गाठीला बांधतील आणि परत जातील, असे यजमानाने गृहीत धरले होते. विशेष म्हणजे पाहुण्यांनीही तेच गृहीत धरले होते. म्हणून जर्मन शाळांनी त्यांच्या मुलांचा विचार केला नाही आणि त्यांनीही जर्मन भाषेचा विचार केला नाही.

१९६६-६७ मध्ये युद्धोत्तर जर्मनीतील पहिली मंदी आली. परकीय कामगारांची संख्या सुमारे १३ लाखांवरून १० लाखांच्याही खाली घसरली. लोक निमूटपणे निघून गेले. तेजी परतताच भरतीही परतली. ही झडप हवी तेव्हा उघडता आणि हवी तेव्हा मिटता येते, असा राज्यकर्त्यांचा ग्रह झाला. तो किती फसवा होता, हे पुढच्याच मंदीने दाखवून दिले.

दार मिटले आणि घर वसले

१९७३ च्या तेलसंकटाच्या छायेत, २३ नोव्हेंबर रोजी पश्चिम जर्मनीने परकीय कामगारांची भरती थांबविली. तेव्हा तेथे सुमारे २६ लाख परकीय कामगार होते. सर्वात आधी नोकऱ्या गेल्या त्या त्यांच्याच. पोलाद, मोटारी आणि बांधकाम या मंदीची झळ लागणाऱ्या उद्योगांतच तर त्यांना नेमले होते! कामगारांचा आकडा घटला. परंतु परकीय नागरिकांची एकूण लोकसंख्या मात्र १९७३ मधील सुमारे ४० लाखांवरून १९८० मध्ये सुमारे ४५ लाखांवर गेली. दार मिटल्यावर घरातील माणसे वाढली, ती कशी?

उत्तर सरळ आहे. दार उघडे होते तोवर जाण्यात धोका नव्हता, कारण पुन्हा येता येत होते. दार मिटताच जाणे म्हणजे कायमचे जाणे ठरले. इटालियन कामगाराला युरोपीय समुदायात मुक्त संचाराचा हक्क होता. तो मंदीत घरी जाऊ शकत होता आणि तेजीत परत येऊ शकत होता. तुर्की कामगाराला तो पर्याय नव्हता. शिवाय तेलसंकट एकट्या जर्मनीपुरते नव्हते. अनातोलियातील गावी परत जाऊन करायचे काय, हा प्रश्न तर अधिकच बिकट होता. मंदी कधी एका देशात एकटी येत नाही. तेव्हा त्याने उलटा विचार केला : आपण जाण्यापेक्षा बायको-मुलांनाच इकडे आणू. १९७५ मध्ये परदेशी राहणाऱ्या मुलांसाठीचा बालभत्ता कमी झाला आणि मुलांना जर्मनीत आणण्यास आणखी एक कारण मिळाले.

कायद्यानेही आपले म्हणणे मांडले. १९६१ पासून जर्मनीत राहणाऱ्या एका भारतीय नागरिकाचा निवास-परवाना वर्षानुवर्षे वाढवून मिळत होता. पुढे तो नाकारण्यात आला. प्रकरण संघीय घटना न्यायालयापर्यंत गेले. २६ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला : वारंवार मुदतवाढ देऊन शासनाने जो विश्वास निर्माण केला, तो एका फटकाऱ्यात मोडता येणार नाही. जर्मन विधिक्षेत्रात हा निर्णय आजही ‘भारतीय निर्णय’ म्हणून ओळखला जातो. कायद्याने चालणारे राष्ट्र पाहुण्याला हवे तेव्हा उठवू शकत नाही, हे एका भारतीयाच्या खटल्याने जर्मनीला ऐकविले!

१९७९ मध्ये परकीयांच्या प्रश्नासाठी नेमलेले पहिले संघीय प्रतिनिधी हाइन्झ क्यून यांनी आपल्या अहवालात स्पष्टच लिहिले की, हे लोक आता येथेच राहणार. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची आणि नागरिकत्वाची सोय करा. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९८३ मध्ये हेल्मुट कोल सरकारने परतीसाठी माणशी साडेदहा हजार मार्क देऊ केले. काही गेले, बहुसंख्य राहिले. ज्या मुलांना सत्तरच्या दशकात भाषा शिकवावयाची होती, ती ऐंशीच्या दशकात अर्धवट शिक्षण घेऊन, आक्रसलेल्या बाजारात काम शोधत होती.

मंदीत समरसता कशी साधणार?

एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतील कारखाने धडाधड बंद पडू लागले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक येथे जमावाने आश्रयार्थींच्या निवासावर आणि जुन्या व्हिएतनामी कंत्राटी कामगारांच्या इमारतीवर हल्ले केले. मे १९९३ मध्ये पश्चिमेतील झोलिंगेन येथे तुर्की कुटुंबाचे घर पेटविण्यात आले आणि पाच जणी जळून मेल्या. या अमानुषतेचे समर्थन कोणताही सुसंस्कृत माणूस करणार नाही. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी ‘एएफडी’ पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. या पक्षाचा जोर सर्वाधिक पूर्व जर्मनीत आहे, जेथे परकीयांचे प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. याचा अर्थ, रोषाचे मूळ शेजारी किती परके राहतात यात नसून, आपल्या पायाखालची जमीन किती सरकली आहे या भावनेत असते. त्या सर्व मतदारांना वंशद्वेष्टे ठरवून मोकळे होणे सोपे आहे; त्यांची असुरक्षितता समजून घेणे कठीण आहे. पण त्याखेरीज उपाय नाही.

येथे आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. आलेल्याने समरस व्हावयाचे, ते कशाशी? यजमान समाजाला स्वतःची ओळख सांगता येत नसेल, तर तो नवागताला काय सांगणार? सीरियात जन्मलेले अभ्यासक बस्साम तिबी यांनी नव्वदच्या दशकात युरोपसाठी ‘लाइटकुल्टुर’, म्हणजे मार्गदर्शक संस्कृती, ही कल्पना मांडली. २००० मध्ये फ्रीडरिश मेर्झ यांनी तो शब्द राजकारणात आणला, तेव्हा मोठे वादळ उठले. तेच मेर्झ मे २०२५ मध्ये जर्मनीचे चॅन्सलर झाले. नवागतांसाठी भाषेचे आणि देशाच्या ओळखीचे पद्धतशीर वर्ग जर्मनीने कायद्याने सुरू केले ते २००५ मध्ये, म्हणजे तुर्कस्तानशी करार झाल्यावर ४४ वर्षांनी! एवढ्या काळात दोन पिढ्या मोठ्या होतात.

आखाती देशांनी वेगळा मार्ग निवडला. कोकणातील घराघरांना तो ठाऊक आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि विमान गाठावयाचे. २००८ नंतर दुबईतील बांधकामे थंडावली, तेव्हा असंख्य लोक असेच परतले. तेथे समरसतेचा प्रश्न उद्भवूच दिला जात नाही. पण याची किंमत कामगार आपल्या असहायतेने मोजतो, आणि लोकशाही देशाला ती वाट धरता येत नाही.

आपण काय शिकावे?

आपल्यालाही जर्मनीचा एक अनुभव आहे. २००० मध्ये चॅन्सलर गेऱ्हार्ट श्र्योडर यांनी २० हजार संगणकतज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना जाहीर केली. तेव्हा युर्गेन रुट्गर्स या नेत्याने ‘भारतीय नकोत, आपली मुले शिकवा’ अशा आशयाची घोषणा देत निवडणूक लढविली. तो ती हरला. पण ती घोषणा मंदीच्या दिवसांत पुन्हा उठू शकते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जाणाऱ्या तरुणांना रोखावे काय? मुळीच नाही. मराठी माणूस घराबाहेर पडत नाही, ही आपलीच जुनी तक्रार आहे. मात्र जाणाऱ्याने ‘पाहुणा’ म्हणून जाऊ नये. चार वर्षांत पैसे साठवून परतू, या हिशेबाने भाषा अर्धवट शिकणारा मंदीत सर्वांआधी उघडा पडतो. परिचारिका असो वा वीजतंत्री, ज्याला रुग्णाशी, मुकादमाशी आणि शेजाऱ्याशी त्यांच्या भाषेत बोलता येते, त्याचीच गरज शेवटपर्यंत टिकते. गणेशोत्सव अवश्य करावा. पण त्याला शेजारच्या जर्मन कुटुंबालाही बोलवावे. २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते आणि जुने सोडण्याची अटही नाही. भारतीय कायदा मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. हा निर्णय कधीतरी घ्यावा लागेल, हे घरातून निघतानाच माहीत असावे.

शासनाची जबाबदारी विमानतळापर्यंत संपत नाही. नोकरी गेली तर निवास-परवान्याचे काय, परतणाऱ्याच्या कौशल्याला येथे काय स्थान, ही उत्तरे पाठविण्यापूर्वी लेखी स्वरूपात हातात हवीत. तुर्कस्तानने आपली माणसे पाठविली आणि त्यांनी धाडलेल्या पैशांकडे डोळे लावले. त्या माणसांच्या मुलांचे काय होणार, हे दोन्ही सरकारांनी विचारले नाही.

समरसतेची पेरणी सुगीत करावयाची असते. दुष्काळ पडल्यावर शेत नांगरावयास निघणाऱ्याच्या हाती ढेकळेच येतात. जर्मनीने हे पन्नास वर्षांत शिकले. आपली मुले तिकडे निघाली आहेत, तेव्हा तेवढा वेळ आपल्यापाशी नाही.