काच हवीच, पण काढता येणारी

अल खफजीहून दम्मामला मोटारसायकलने जायचं तर अंतर साधारण तीनशे किलोमीटर, आणि उन्हाळ्यात सोबतीला वायव्येचा वारा, शमाल. रस्ताही ढोबळमानाने आग्नेयेकडे जातो. म्हणजे जाताना वारा पाठीवर, येताना छातीवर.

हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडी ताशी 120 किलोमीटर आणि वारा 40 धरा. जाताना अंगाला लागणारी हवा 80ची, येताना 160ची. वेग दुप्पट, रेटा चौपट! वारा पडलेला असला तरी 120च्या वेगाला उघड्या छातीवर अंदाजे 25 किलो वजनाइतका रेटा असतो. अडीच तास तो मान, खांदे आणि मनगटं सोसतात. थकलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो. म्हणून विंडशील्ड ही चैन नाही, असं माझं मत आहे.

मात्र उंच काच म्हणजे चांगली काच नव्हे. काचेच्या वरच्या कडेशी प्रवाह तुटतो आणि भोवरे तयार होतात. ते हेल्मेटवर आदळले की डोकं हलतं, कानात घोंघावतं. कड नजरेच्या रेषेच्या चार बोटं खाली असावी. रस्ता काचेवरून दिसायला हवा, काचेतून नाही. वाळूने पॉलिकार्बोनेटवर ओरखडे येतात आणि संध्याकाळचा समोरचा सूर्य त्या प्रत्येक ओरखड्यावर विखुरतो.

"उन्हाळ्यात काच काढा, गार वाटेल" हा सल्लाही अर्धाच खरा. त्वचेचं तापमान साधारण 35 अंश. हवा 45 अंशांवर असेल तर वारा अंगाला उष्णता देतो. गारवा येतो तो फक्त घामाच्या बाष्पीभवनाने. कोरड्या हवेत त्याला जाळीच्या जॅकेटमधून येणारा थोडा वाराही पुरतो. जोराच्या वाऱ्यात घाम दिसण्याआधीच उडतो आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. किनाऱ्यावरच्या दमट दिवसांत मात्र घाम वाळत नाही, तेव्हा वारा हवाच.

म्हणूनच काढता येणारी काच घ्यावी. थंडीत आणि कोरड्या झळांत लावा, दमट दिवशी काढा. काच फोर्कला बसवलेली असेल तर आडव्या झोताचा धक्का थेट हँडलला बसतो, त्या दिवशीही ती घरीच बरी. आणि लावल्यावर दोन्ही बाजूंचे क्लॅम्प हलवून पाहा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल अडकत नाही ना, तेही बघा. ही दोन मिनिटं वाचवू नयेत.