फळ्या नसलेलें दुकान

पेठेंतील जुनीं दुकानें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना दुकान बंद करण्याचा विधि आठवत असेल. दिवेलागणीनंतर गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली म्हणजे दुकानदार गल्ला मोजी, दिवसाचा जमाखर्च रोजकीर्दींत उतरवी, उंबऱ्याच्या खांचेंत लांकडी फळ्या एकामागून एक बसवी आणि कुलूप दोनदां ओढून पाहून घराची वाट धरी. त्या फळ्यांचा एक उपयोग सर्वांस ठाऊक होता. त्यांमुळें चोर बाहेर राही. दुसरा उपयोग फारसा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. त्यांमुळें दुकानाची काळजी आंत राही; ती दुकानदाराच्या मागोमाग घरीं येत नसे.

आतां आपल्या घराघरांतून जें नवें दुकान निघालें आहे, त्याला फळ्याच नाहींत. त्यास ऑनलाइन धंदा म्हणतात. जागा लागते ती एका खोलीची. आणि गल्ला, रोजकीर्द, मालाचा फलक व गिऱ्हाईक हीं सारीं तळहाताएवढ्या मोबाइलमध्यें सामावतात. रात्रीं अकरा वाजतां कोणी नागपूरहून मागणी नोंदवितें, पहाटे दोन वाजतां कोणी परदेशांतून किंमत विचारतें, आणि सकाळीं सहाला कोणी 'माल आवडला नाहीं' म्हणून एकच तारा देऊन मोकळें होतें. दुकानदार झोंपला तरी दुकान उशाशीं जागेंच असतें. हा धंदा मोठ्या हौसेनें सुरू करणारीं माणसें वर्षादीडवर्षांत इतकीं मलूल कां होतात, आणि त्यांचा उत्साह टिकावा म्हणून त्यांनीं व त्यांच्या घरच्यांनीं काय करावें, हा या महिन्याचा आपला विषय आहे.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस तो विशेष जवळचा वाटेल. या भागाचें घड्याळच मुळीं कारखान्याचें. पिंपरीस १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी औषध-कंपनी स्थापन होऊन पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे भोसरीचे असंख्य लहान कारखाने आले. कांद्याच्या बाजारासाठीं नांवाजलेल्या चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनच्या मोटारी तयार होऊं लागल्या, आणि आतां त्याच बाजूस ऑनलाइन मालाचीं प्रचंड गोदामेंही दिसतात. येथील दोन-तीन पिढ्या पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी या हिशोबानें जेवल्या व झोंपल्या. कित्येक कारखान्यांत आठवड्याची सुटी गुरुवारीं असते, म्हणून लग्नाच्या बैठकीसुद्धां गुरुवार पाहून ठरविणारीं घरें येथें आहेत. भोंग्यानें माणसाला बोलाविलें हें खरें. परंतु भोंग्यानेंच त्याला सोडलेंही.

ही सुटका कोणी आपण होऊन दिलेली नव्हती. मुंबईच्या गिरणी-कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं वर्षानुवर्षें अर्ज केले, सभा भरविल्या. तेव्हां कोठें १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांनीं ती मान्य केली. १९४८ च्या कारखाने-कायद्यानें प्रौढ कामगाराच्या कामास आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति सक्तीची केली, आणि आठवड्यांतून एक दिवस सुटीचा ठरविला. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनें घेतली, तरी आठवड्याच्या सुटीचें तत्त्व कायम राहिलें. मर्म असें कीं, कायदा मालकापासून नोकराचें रक्षण करतो. परंतु जेथें मालक व नोकर एकाच सदऱ्यांत वावरतात, तेथें त्यानें कोणापासून कोणाचें रक्षण करावें? स्वतःचा धंदा करणारास स्वतःइतका निष्ठुर मालक दुसरा मिळत नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. नांव अर्थातच देत नाहीं. हा भोसरीच्या एका कारखान्यांत साचे करणारा कुशल कारागीर. स्वेच्छानिवृत्ति घेतल्यावर त्यानें चिंचवडच्या राहत्या घरींच चकलीचे सोरे, पुरणयंत्रें, शंकरपाळ्यांचीं कातणीं असा माल ऑनलाइन विकण्यास आरंभ केला. माल चांगला, हात सच्चा, बोलणें गोड. पहिल्या दिवाळींतच धंद्यानें बाळसें धरलें. दुसऱ्या दिवाळीनंतर तो भेटावयास आला तेव्हां त्याचे डोळे खोल गेले होते. म्हणाला, "सर, खोक्याला लावायची चिकटपट्टी ओढतांना जो आवाज होतो ना, तो ऐकला तरी हल्लीं पोटांत कालवतें. गिऱ्हाइकाचा फोन वाजला कीं मनांत आधीं शिवी येते. पूर्वीं मी असा नव्हतों."

मीं विचारलें, "शेवटचा साचा स्वतःच्या हातानें केव्हां केलास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दीड वर्ष झालें असेल."

या उत्तरांत बरेंचसें निदान आलें. त्याचा जीव धातूंत होता. धंदा वाढला तसें त्याच्या वांट्याला आलें तें खोकीं बांधणें, परत आलेला माल उघडून पाहणें, आणि प्रतिस्पर्ध्यानें दोन रुपये उतरविले कीं आपणही दोन रुपये उतरविणें. ज्या कामाच्या आवडीनें माणूस धंदा काढतो, तेंच काम धंदा वाढल्यावर प्रथम त्याच्या हातून जातें.

या अवस्थेस 'बर्न-आउट' असा शब्द रूढ झाला आहे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनीं १९७४ मध्यें त्यास शास्त्रीय लेखनांत स्थान दिलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांना ही अवस्था दिसली ती मोफत दवाखान्यांत निष्ठेनें राबणाऱ्या माणसांत, कामचुकारांत नव्हे. २०१९ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तिचीं तीन अंगें सांगितलीं: शक्ति सरल्यासारखें वाटणें, कामाविषयीं दुरावा किंवा कडवटपणा येणें, आणि कामांतील कर्तबगारी उणावणें. हा रोग नसून कामाच्या दीर्घकाळच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम होय, असेंही तिनें स्पष्ट केलें. आपल्याकडे दाखला शोधण्यास देवघराबाहेर जावयास नको. समईंत तेल असतें तोंवर तेल जळतें व वात राहते. तेल सरलें म्हणजे वातच जळूं लागते. ज्योत क्षणभर मोठी होते, आणि घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, "पाहा, किती झटून काम करतो!"

म्हणून अशा माणसास जिद्दीचीं व्याख्यानें देणें व्यर्थ होय. उत्साह आज्ञेनें येत नाहीं. तो विश्रांतीच्या मागोमाग येतो. आणि विश्रांति सवड मिळाल्यावर घ्यावयाची म्हटली, तर फळ्या नसलेल्या दुकानांत ती सवड कधींच मिळत नाहीं. ती आधींच नेमून ठेवावी लागते.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं तो, त्याची पत्नी, थोरले बंधु आणि मी असे चौघे बसलों आणि कांहीं नियम ठरविले. रात्रीं नऊ वाजतां दुकान बंद. धंद्याचा मोबाइल वेगळा करून तो बाहेरच्या खोलींतील कोनाड्यांत ठेवावयाचा, निजावयाच्या खोलींत नाहीं. व्हॉट्सॲपच्या व्यापारी आवृत्तींत ठराविक वेळेनंतर आपोआप उत्तर पाठविण्याची सोय आहे. ती लावून 'आपला निरोप मिळाला, उद्यां सकाळीं नऊनंतर उत्तर देतों' एवढें वाक्य त्यांत घातलें. गुरुवार हा सुटीचा दिवस. ऑनलाइन बाजारपेठांवर विक्रेत्यास सुटी दाखवितां येते, तिचा उपयोग करावयाचा. संध्याकाळीं किती माल गेला, किती परत आला, किती पैसा जमला या तीन ओळी पत्नीनें कागदी वहींत लिहावयाच्या. वही मिटली कीं सकाळपर्यंत आंकडे पाहावयाचे नाहींत. वाईट शेरे रोज न वाचतां शनिवारीं भावाबरोबर बसून वाचावयाचे. दोष मालांत असेल तर दुरुस्त करावयाचा, गिऱ्हाइकाच्या स्वभावांत असेल तर सोडून द्यावयाचा. सणाच्या महिन्यांत खोकीं बांधण्यास एक मदतनीस ठेवावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सकाळचे पहिले दोन तास मोबाइलला हात न लावतां साच्यापाशीं घालवावयाचे.

याचा परिणाम जसा झाला तसा सांगतों. पहिले दोन महिने विक्री घटली. त्याचा माल यादींत खालीं गेला, आणि कातण्यांच्या बाबतींत तो अद्यापि पूर्वीच्या जागीं आलेला नाहीं. थोरल्या बंधूंना गुरुवारची सुटी ही चैन वाटे व ते तसें बोलूनही दाखवीत. परंतु चौथ्या महिन्यांत त्याच सकाळच्या दोन तासांतून हाताला कमी जोर लागणारा नवा सोऱ्या तयार झाला, आणि तो हातदुखीनें त्रासलेल्या वयस्क गृहिणींस पसंत पडला. मिळकत आज पूर्वीइतकी आहे, अधिक नाहीं. मात्र चिकटपट्टीचा आवाज आतां पोटांत जात नाहीं.

कोणी म्हणेल, मोठें व्हावयाचें असेल त्यानें अशीं घड्याळें पाळूं नयेत. त्यांस कौटिलीय अर्थशास्त्रांतील राजाची दिनचर्या दाखवावी. दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग करून तेथें आयव्यय पाहणें, प्रजेचीं गाऱ्हाणीं ऐकणें, हेरांच्या बातम्या घेणें अशीं कामें नेमून दिलीं आहेत. परंतु त्याच कोष्टकांत स्नान, भोजन व स्वाध्याय यांस स्वतंत्र भाग आहे, स्वेच्छाविहारास आहे, आणि निद्रेसही आहे. निद्रा उरल्यासुरल्या वेळेंत ढकललेली नाहीं. ज्याच्या शिरावर राज्याचा भार, त्याची झोंप जर कोष्टकांत बसते, तर सोरे विकणाऱ्याची कां बसूं नये?

आतां घरांतील वडील मंडळींस दोन शब्द. आपल्या कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या नोकरीस मान. महिन्याच्या एक तारखेला पगार व शेवटीं पेन्शन, हीच अब्रूची व्याख्या. त्यामुळें धंदा करणाऱ्या मुलास रोज स्वतःस सिद्ध करीत राहावें लागतें. संध्याकाळच्या चहाबरोबर "आज किती झाले?" हा प्रश्न प्रेमानेंच विचारला जातो, पण ज्या दिवशीं कांहींच झालेलें नसतें, त्या दिवशीं तो प्रश्न फटक्यासारखा लागतो. त्याऐवजीं "आज काय नवें केलेंस?" असें विचारून पाहावें. तसेंच "घरींच तर असतोस" म्हणून भर कामाच्या वेळीं विजेचें बिल, बँक, पाहुण्यांस स्टेशनवरून आणणें हीं कामें त्याच्यावर टाकूं नयेत. तीं टाकलीं कीं दिवसाचें काम रात्रीवर जातें. ताटावर मोबाइल नको, हा नियम मात्र वडिलांनींच घालावा व स्वतःही पाळावा.

वाचकभगिनींचा प्रश्न याहून कठीण आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ यांच्या मागण्या घेणाऱ्या सुना या भागांत पुष्कळ आहेत. त्यांचें दुकान व स्वयंपाकघर एकच. दुकानाची फळी लावावी तों रात्रीच्या स्वयंपाकाची पाळी सुरू होते. तिच्या मिळकतीचें कौतुक सारें घर करतें, परंतु पोळ्यांचा गोळा दुसऱ्या कोणी हातीं घेत नाहीं. ज्या घरांत सुनेचा धंदा चालावा असें वाटतें, त्या घरानें तिच्या घरकामाचा नेमका कोणता भाग कोणी उचलावयाचा हें नांवानिशीं ठरवावें. 'सर्वांनीं मदत करावी' या ठरावानें आजवर कोणत्याही घरचीं भांडीं घासलीं गेलेलीं नाहींत.

एक सावधगिरीचा इशारा. चार दिवस सुटी घेऊनही झोंप येत नसेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, किंवा 'हें सारें संपवावें' अशी भाषा तोंडीं येत असेल, तर तो नुसता थकवा नव्हे. तेथें नियम व उपदेश पुरे पडत नाहींत. विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें. भारत सरकारनें २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें दिवसरात्र केव्हांही बोलतां येतें. ज्वर आल्यास आपण लाजत नाहीं. येथेंही लाजूं नये.

खंडेनवमीस या पट्ट्यांतील कारखान्यांतून यंत्रें थांबवितात, पुसून लख्ख करतात, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालतात. दुसऱ्या कोणत्या दिवशीं थांबलेलें यंत्र मालकास सहन होत नाहीं. पण त्या दिवशीं कोणी तक्रार करीत नाहीं, कारण तो दिवस नेमलेला असतो. लोखंडाला जें मिळतें, तें घरांत धंदा चालविणाऱ्या मुलाला व सुनेला वर्षांतून एकदां नव्हे, रोज मिळावें. त्यासाठीं आज रात्रीं नऊ वाजतां घरांतील सर्वांत वडील माणसानें एवढेंच म्हणावें: "चला, फळ्या लावा." आणि आपला स्वतःचा मोबाइलही त्याच कोनाड्यांत ठेवावा.